संगणक घ्यायचाय? आधी राबवून बघा



आमच्या गटानं मागं एक जुना संगणक घेतला. रेडिओसाठी बोललेलं ध्वनिमुद्रण आणि गटाच्या कामाचे व्हिडिओ तयार करायचे होते. दुकानात दुकानदारानं गाणं लावून दाखवलं, झकास चाललं. घरी आणला आणि अर्ध्या तासाचा व्हिडिओ तयार करायला लावला, की मध्येच बंद! दुरुस्तीवाल्यानं खोका उघडला, तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे त्या बारक्या डब्या, वरून फुगलेल्या.

मदरबोर्ड म्हणजे ज्या पाटीवर प्रोसेसर, मेमरी सगळं बसतं ती. प्रोसेसरला वीज तिच्यातूनच मिळते. गाणं ऐकताना प्रोसेसर जवळजवळ निवांत असतो. पण एन्कोडिंग, म्हणजे मोठी फाइल आवळून लहान करणं, हे कष्टाचं काम. सीडीच्या दर्जाचा एक मिनिट आवाज साधारण १० एमबी जागा घेतो. १२८ केबीपीएसची एमपी-थ्री केली की १ एमबीच्या आसपास. व्हिडिओला तर याहून कितीतरी जास्त आकडेमोड. तेव्हाच कच्चा बोर्ड उघडा पडतो. बैल आपण गोठ्यात बघून घेत नाही, औताला जुंपून बघतो. तसंच हे.

तर असं करा. अर्ध्या तासाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर न्या आणि संगणकात उतरवा. हँडब्रेक हा मोफत प्रोग्राम दुकानदाराला टाकायला सांगा. बाकी सगळं बंद करून एन्कोडिंग लावा आणि लागलेला वेळ वहीत लिहा. लगेच तीच फाइल, त्याच सेटिंगनं, आणखी दोनदा. तिन्ही वेळा सारख्या आल्या तर उत्तम. तिसऱ्यांदा बराच जास्त वेळ लागला, तर संगणक तापतोय. पंखा आणि धूळ बघायला लावा. मध्येच बंद पडला, तर सरळ उठून या.

शेवटी हेडफोन लावून ध्वनिमुद्रण ऐका. खरखर येते का बघा.

आणि हो, प्रोसेसर, मेमरी सारखीच असेल, तर नुसत्या महागड्या बोर्डानं वेगात फारसा फरक पडत नाही. बोर्ड टिकाऊ हवा.

दुसऱ्या वेळी आम्ही तिघी दुकानात वही घेऊन बसलो. दुकानदार कंटाळला, पण आम्ही हललो नाही. पैसा गटाचा होता, बायांनो!