पेनड्राइव्हवरचे नकाशे आणि खिशातलं ॲप

आजचा विषय जरा तांत्रिक वाटेल. तरी घरात कॉलेजला जाणारी मुलं असतील तर त्यांनाही हाक मारा, कारण शेवटी त्यांच्यासाठी एक काम आहे.

ओएसजिओलाइव्ह नावाचा एक सॉफ्टवेअर-संच आहे. नकाशे आणि भौगोलिक माहिती यांवर काम करणारी बरीच मुक्तस्रोत सॉफ्टवेअर त्यात एकत्र मिळतात. संच पेनड्राइव्हवर उतरवायचा आणि संगणक त्यावरूनच सुरू करायचा. आपल्या संगणकावर वेगळं काही बसवावं लागत नाही. नकाशे बनवणारं क्यूजीआयएस, माहिती साठवणारं पोस्टजीआयएस, १९८०च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या अभियंता विभागात सुरू झालेलं ग्रास, हे सगळं सरावाच्या नमुन्यांसह तयार असतं, आणि तेही फुकट. यामागे २००६ साली स्थापन झालेली ओएसजिओ ही संस्था आहे.

आता प्रश्न असा, की या संचात फोनवरचं नकाशाचं ॲप घालायचं तर काय करावं लागेल?

उदाहरणासाठी क्यूफील्ड घेऊ. क्यूजीआयएसचाच हा फोनवरचा सोबती. समजा, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही गावी गेलात आणि वाडीतल्या विहिरींची नोंद करायची ठरवली. आधी घरी बसून संगणकावर नकाशा तयार करायचा. विहिरीचं नाव, मालक, एप्रिलमध्ये पाणी राहतं का, असे रकाने आखायचे. मग तो नकाशा फोनवर घ्यायचा आणि निघायचं. विहिरीपाशी उभं राहून जागा टिपायची, रकाने भरायचे, फोटो काढायचा. रेंज नसली तरी अडत नाही. घरी आल्यावर सगळ्या नोंदी पुन्हा संगणकावर घ्यायच्या. फक्त ज्याची विहीर, त्याला आधी विचारायचं.

असं ॲप संचात घालायचं म्हणजे पेनड्राइव्हवर आणखी एक फाइल ठेवली, इतकं सोपं नाही. पहिली अट परवान्याची. त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला हवा, आणि तो बदलायची, वाटायची मुभा हवी.

दुसरी अडचण फोनचीच. संच चालतो संगणकावर, आणि ॲपचं खरं काम असतं शिवारात. क्यूफील्डची लिनक्सवर चालणारी आवृत्तीही आहे, त्यामुळे ते टेबलावर बसून शिकता येतं. पण उन्हात पडदा दिसतो का, झाडाखाली जीपीएस किती चुकतं, बॅटरी किती पुरते, हे टेबलावर कसं कळणार? म्हणून ॲपसोबत सरावाचा नमुना नकाशा हवा, आणि तो फोनवर नेऊन परत कसा आणायचा याची स्पष्ट कृती हवी.

तिसरी गोष्ट लेखनाची. या संचात प्रत्येक सॉफ्टवेअरची थोडक्यात ओळख असते आणि नवख्याला हात धरून नेणारा पाठ असतो. हा पाठ एकदा लिहून भागत नाही. नवी आवृत्ती आली की बटणं जागा बदलतात, जुना नमुना उघडत नाही. कुणीतरी प्रत्येक वेळी पहिल्या ओळीपासून तो पाठ करून बघावा लागतो. असा माणूस नसेल तर ॲप संचात न घातलेलंच बरं. कारण तिसऱ्या पायरीवर अडकलेला विद्यार्थी पाठाला दोष देत नाही. 'मला हे जमत नाही' म्हणून तो बाजूला होतो.

मग एवढा खटाटोप कशासाठी? फुकट ॲप तर ढीगभर आहेत. पण काहींत माहिती भरणं सोपं आणि बाहेर काढणं अवघड. ॲप बंद पडलं की तुमच्या विहिरीही गेल्या. क्यूफील्डमध्ये नोंदी जिओपॅकेजमध्ये ठेवता येतात. हे खुलं मानक २०१४ साली ठरलं. सगळी माहिती एका फाइलमध्ये राहते आणि ती अनेक सॉफ्टवेअरमध्ये उघडते. उद्या ॲप राहो न राहो, फाइल तुमच्याकडेच असते. आजोबांना ठाऊक असलेली शेतांची नावं, जुन्या पाणंदी, आटलेले झरे एकदा टिपायचे, तर ते अशाच ठिकाणी टिपावेत.

आता मुलांनो, तुमचं काम. मुक्तस्रोताला हातभार लावायला प्रोग्रॅमिंगच यायला हवं असं नाही. संच उतरवून घ्या, एखादा पाठ निवडा आणि अगदी नवखे होऊन पायरी-पायरीने करा. जिथे अडाल ते लिहून ठेवा आणि प्रकल्पाच्या लोकांना कळवा. अशी नोंद त्यांना फार मोलाची असते. पुढची पायरी भाषांतराची. 'लेयर'ला थर म्हणावं की लेयरच ठेवावं, हे आईबाबांशी बोलून ठरवा. गावाकडच्या एखाद्या विद्यार्थ्याला तो पाठ मराठीत मिळाला, तर आपल्या वाडीच्या विहिरी तो स्वतः टिपेल. त्यासाठी तुमच्या सुट्टीची वाट बघायला नको.

आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात.