दोन हजारांतला हेडफोन: फीचर्स नको, फिटिंग बघा

मागच्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न म्हणजे, "फोनला लावायला दोन हजारांच्या आत चांगला हेडफोन कुठला?" आज मॉडेल्सची यादी देणार नाही, ती चार महिन्यांत शिळी होते. निवडायचा कसा, ते सांगते. माझं म्हणणं एवढंच आहे, की या बजेटमध्ये फीचर्स नाही, फिटिंग विकत घ्या.

आता तुम्ही म्हणाल, फिटिंग म्हणजे आराम, त्यात काय एवढं? तर फिटिंगचा थेट संबंध व्हॉल्यूमशी आहे. डोंबिवलीहून सीएसएमटीला रोज जाणारं कुणीही घ्या. गाडीच्या खडखडाटात गाणं ऐकू येत नाही, हात आपोआप व्हॉल्यूमच्या बटणावर जातो. हेडफोन जेवढा सैल, तेवढा बाहेरचा आवाज आत, आणि तेवढं गाणं मोठं.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब सोपा आहे. मोठ्या माणसासाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, ही सुरक्षित मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास आणि ९० ला जेमतेम ४ तास. आता जाऊन-येऊन रोज तीन तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे झाले १८ तास. ८० डेसिबलला ऐकलंत तर आरामात बसतं. ८६ ला ऐकलंत तर सोमवारी सुरू झालेला कोटा गुरुवारी सकाळीच संपतो. ९० ला ऐकलंत तर मंगळवारीच. आणि आतल्या कानातल्या ऐकण्याच्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. आमच्या भाषेत सांगायचं तर या डेटाचा बॅकअप नाही.

म्हणून पहिला प्रश्न किंमत नाही, तर ऐकणार कुठे?

घरी शांत खोलीत ऐकणार असाल तर हलका, उघड्या बांधणीचा हेडफोन छान. १९७९ मध्ये सोनीचा पहिला वॉकमन आला, त्याच्यासोबत असाच फोमच्या गाद्यांचा हेडफोन होता. तोवरचे हेडफोन तीन-चारशे ग्रॅमचे, हा साधारण पन्नास ग्रॅमचा. १९८४ मध्ये आलेला कॉसचा पोर्टा प्रो त्याच घराण्यातला, आणि तो अजून मिळतो. डोक्यावर आहे हे विसरायला होतं. पण बाहेरचा आवाज तो अजिबात अडवत नाही, म्हणून लोकलसाठी नको.

प्रवासासाठी कानाच्या आत बसणारे, वायरवाले इअरफोन या बजेटमध्ये सगळ्यात फायद्याचे. डब्यात रबरी टिप्सचे तीन साइज येतात. बहुतेक लोक आधीच लावलेली मधली टिप तशीच वापरतात. तिन्ही लावून बघा. दोन्ही कान सारखे असतीलच असं नाही, एका कानात मोठी आणि दुसऱ्यात मधली लागली तरी बिघडत नाही. टेस्ट अशी करा: तबल्याचा डग्गा किंवा ढोलकी ऐकू येईल असं गाणं लावा आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला, तर टिप लहान आहे. "याला बेसच नाही" ही तक्रार बऱ्याचदा इथेच मिटते. इअरफोन दुखतो म्हणून वाईट ठरवण्याआधीही टिप बदलून बघा.

कानाच्या आत काही घातलेलं सहन होत नसेल तर पूर्ण कान झाकणारा घ्या. त्यात तीन गोष्टी बघा. कान गादीच्या आत मावतो का, की कडेला टेकतो? जबड्याजवळ दाब किती येतो? आणि चष्मा असेल तर काडीवर गादी दाबते का? दुकानात दोन मिनिटं घालून काही कळत नाही, वीस मिनिटं घाला. ऑनलाइन घेणार असाल तर परत करता येतो का ते आधी वाचा. रेक्झिनसारख्या गाद्यांचे आपल्या दमट हवेत पापुद्रे सुटतात, म्हणून गाद्या बदलता येणारं मॉडेल बघा.

आता खोक्यावरचे आकडे. "२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" जवळजवळ सगळ्यांवर छापलेलं असतं, त्यावरून आवाज कसा आहे ते कळत नाही. "४० एमएम ड्रायव्हर"चंही तेच. कामाचा आकडा इम्पीडन्सचा. फोनला थेट लावायचा तर साधारण १६ ते ३२ ओहमचा घ्या. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. तो या बजेटबाहेरचा आहे, पण उदाहरण चांगलं आहे: २५० वाला स्टुडिओच्या अॅम्प्लिफायरसाठी, तो फोनवर दबल्यासारखा वाजतो.

फोनला गोल जॅक नसेल तर यूएसबी-सीचा छोटा अडॅप्टर लागेल. त्यात स्वतःचा डॅक आहे ना, एवढं बघून घ्या. डॅक नसलेले स्वस्त अडॅप्टर काही फोनवर चालतात, काहींवर मुकेच राहतात.

ब्लूटूथ का नाही? सोयीचं आहे, मान्य. पण दोन हजारांतले पैसे बॅटरी, चिप, माइक आणि केसमध्ये वाटले जातात. त्या इवल्याशा बॅटऱ्या सहसा बदलता येत नाहीत, त्या थकल्या की सगळंच टाकून द्यावं लागतं. वायर निघणारा इअरफोन घेतलात तर वायर तुटल्यावर फक्त वायर बदलायची.

शेवटचं. रूळ किंवा रस्ता ओलांडताना दोन्ही इअरफोन काढा. नीट बसलेला इअरफोन गाडीचा भोंगाही अडवतो.

तुम्हाला कुठली टिप बसली, दोन्ही कानांना एकच साइज लागला का, ते कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.