क्लाउड डेस्कटॉप घेताय? रॅमच्या आधी रीजन बघा

हरसूलमध्ये राहून पुण्याच्या कंपनीचं काम केलं तर शहराचं घरभाडं वाचतं. पण लॅपटॉप जुना, पावसात लाईट जाते, नेट मोबाईलचं. अशा वेळी क्लाउड डेस्कटॉप कामाला येतो. कॉम्प्युटर चालतो डेटा सेंटरमध्ये, आपल्याकडे येते फक्त त्याची स्क्रीन.

बहुतेक जण आधी रॅम विचारतात. मी म्हणतो, आधी रीजन विचारा. तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण तिकडे जातं, मग अक्षर इकडे दिसतं. मशीन अमेरिकेत असेल तर या फेरीला साधारण 200 मिलिसेकंद किंवा जास्तच लागतात. टायपिंग अडखळतं, डोकं फिरतं. ॲमेझॉनचं मुंबई रीजन 2016 पासून आहे. मायक्रोसॉफ्टचं ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे आपलं पुणे. तिथलंच मशीन मागा.

मग बिल. विंडोज 365 चे पैसे महिन्याला ठरलेले. ॲमेझॉन वर्कस्पेसेस महिन्यावरही मिळतं, तासावरही. रोज आठ तास काम असेल तर महिन्याचं घ्या. आठवड्यातून दोनच दिवस असेल तर तासाचं परवडतं, पण ऑटोस्टॉप लावा.

नेट तुटलं तरी तिकडची फाईल उघडीच राहते, हा मोठा फायदा. पण नेटच नसेल तर काहीच चालत नाही. म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ ठेवा.

आणि पैसे भरण्याआधी एक दिवस स्वतःच्या घरातून चालवून बघा. ऑफिसच्या वायफायवर डेमो सगळ्यांचाच भारी दिसतो!