मुंबई नगरपालिकेचा मतदार

निवडणूक जवळ आली कीं मुंबईंत पक्षांची चर्चा रंगते; मतदाराचा इतिहास मात्र कोणी काढीत नाहीं. १८८८ च्या कायद्यानें नगरपालिकेचे ७२ सभासद ठरले. पैकीं ३६ करदात्यांचे, १६ जस्टिस ऑफ दि पीस या मानकऱ्यांचे, तितकेच सरकारनियुक्त. कायद्याच्या घडणींत सर फिरोजशहा मेहता यांचा मोठा वांटा होता, आणि सभागृहांत शब्दही त्यांचाच चाले. गोऱ्या अधिकाऱ्यांना तें खुपलें. १९०७ सालीं अकौंटंट-जनरल हॅरिसन यांच्या पुढाकारानें मेहतांना पाडण्यासाठीं कॉकस नांवाचा गट उभा राहिला. ‘टाइम्स’चे संपादक लॉव्हट फ्रेझर त्याचे पाठीराखे. जस्टिसांच्या १६ जागा, आणि मेहता आले सतरावे! पुढें एका विजयी उमेदवाराची निवड न्यायालयांत रद्द ठरली, तेव्हां ते आंत आले.

शहर या झुंजीनें हादरलें खरें. परंतु चाळींतल्या सामान्य भाडेकऱ्याला तींत मतच नव्हतें. मेहतांच्या बाजूनें हळहळणाऱ्यांनाही ही उणीव फारशी बोंचली नसावी. दरमहा दहा रुपये भाडें भरणारास मत मिळालें १९२२ सालीं. त्याहून हलक्या खोलींत राहणाऱ्यांपैकीं कित्येकांस, भाड्याची अट न राहतां, तें मिळण्यास १९४८ साल उजाडावें लागलें.