दाढेचा आकार आणि दाढेवरचे ओरखडे

मानवी शरीरात दातांवरचे इनॅमल हा सर्वांत कठीण पदार्थ. हाडे मातीत विरून गेली तरी दात लाखो वर्षे टिकतात, म्हणून आदिमानवाच्या शोधात त्यांना एवढे मोल आहे. इथपर्यंत सारे ठाऊकच आहे. पण दातांवरून आहार सांगताना एक घोटाळा वारंवार होतो. दाढ मोठी, जबडा भक्कम, तेव्हा खाणेही टणक, असा हिशेब मांडला जातो. ती दाढ काय काय चावू शकली असती, एवढेच आकारावरून कळते. तिने प्रत्यक्षात काय चावले, ते आकार सांगत नाही.

पाट्या-वरवंट्याचे तसेच असते. पाटा वाटण्यासाठी आहे हे पाहताक्षणी समजते. पण त्यावर रोज चटणी वाटली जाते की सणापुरते पुरण, हे त्याच्या घडणीवरून कोण सांगणार? त्यासाठी पाटा उजेडात तिरपा धरायचा, टाकीचे घाव कुठे झिजले ते न्याहाळायचे आणि खळग्यात अडकलेले मिरचीचे बी टोकरून काढायचे. दातांचे अभ्यासक नेमके हेच करतात, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली.

1959 साली मेरी लीकी यांना आजच्या टांझानियातील ओल्डुवाई घळीत सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची एक कवटी सापडली. या जातीचे आजचे नाव पॅरान्थ्रोपस बॉइसाय. दाढा अवाढव्य, इनॅमल जाड. त्यामुळे कठीण कवचाची फळे फोडणारा अशी या प्राण्याची ख्याती झाली. 2008 मध्ये या जातीच्या दाढांवरील सूक्ष्म झीज तपासली गेली. टणक पदार्थ फोडले की इनॅमलवर खळगे पडतात. इथे ते जवळजवळ नव्हतेच, होते ते बारीक ओरखडे. अर्थात असे ओरखडे अखेरच्या काही दिवसांचे किंवा आठवड्यांचेच खाणे दाखवतात, जुने पुसले जातात. म्हणून दुसरा पुरावा लागतो.

आणि इथे पाट्याची उपमा अपुरी पडते. पाट्याचा दगड वाटणातून घडत नाही, दात मात्र अन्नातूनच घडतो. उष्ण प्रदेशातली गवते (ज्वारी आणि ऊस त्याच गोतातले) हवेतला जड कार्बन झाडाझुडपांपेक्षा जास्त धरून ठेवतात, आणि खाणाऱ्याच्या इनॅमलमध्ये ते प्रमाण कायमचे नोंदले जाते. 2011 मध्ये ही मोजणी झाली. बॉइसायच्या आहाराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग गवत आणि लव्हाळ्यांसारख्या वनस्पतींचा निघाला. थोडक्यात, कवचफोड्या म्हणून मिरवलेला हा गडी मुख्यतः गवतवर्गावर जगत होता. दाढ मोठी होती ती बहुधा दिवसभर दळत बसण्यासाठी. पुन्हा तेच: आकार क्षमता सांगतो, सवय सांगत नाही.

दातांवरचे किटण तर अन्नाचे कोठारच. निअँडरथल मानव नुसता मांसाहारी, हा समज या किटणानेच मोडला. इराकमधील शनिदार गुहेतल्या दातांच्या किटणात सातूसारख्या धान्याचे शिजवलेले पिष्टकण आणि खजुराच्या झाडाचे अवशेष मिळाले. बेल्जियममधील स्पाय गुहेतल्या किटणात लोकरी गेंड्याचा डीएनए सापडला, तर स्पेनमधील एल सिद्रोनच्या किटणात अळंबी आणि शेवाळाचा. एकाच जातीचे, जवळपास एकसारखे दात; मुलूख बदलला तसे ताट बदलले.

वागणुकीचा पुरावा पटाशीच्या दातांवर असतो. स्पेनमधील सिमा दे लोस ह्युसोस येथील आदिमानवांच्या दातांवर बाहेरच्या बाजूने तिरके चरे आहेत. मांस किंवा कातडे दातांत धरून हातातल्या दगडी पात्याने कापताना पाते निसटे, त्याची ही खूण. चऱ्यांच्या कलावरून बहुतेकजण उजव्या हाताचे होते हे समजते. दातांच्या मुळांशी काडीने कोरल्याच्या खाचा फार जुन्या मानवी जबड्यांतही दिसतात. आईचे दूध केव्हा सुटले हेही दात सांगतो: बेल्जियममधील स्क्लादिना गुहेतल्या निअँडरथल बालकाच्या दाढेतील बेरियमवरून पहिले सात महिने केवळ अंगावरचे दूध होते असे अनुमान आहे.

महाराष्ट्रापुरते सांगायचे तर घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तोंडाला तोंड लावलेल्या मडक्यांमध्ये पुरलेली बालके मिळाली. ते दात जीवाश्म नव्हेत, जेमतेम तीन हजार वर्षांचे. पण दुधाच्या दातांतील इनॅमलच्या दोषांवरून त्या बालकांच्या शरीरावर पडलेल्या ताणाचा माग घेता आला.

पूर्वी अनेक ठिकाणी उत्खननातले दात स्वच्छ करताना किटण खरवडून टाकले जाई; त्यासोबत पुरावाही जाई. तेव्हा विहीर किंवा पाया खणताना जुना जबडा हाती लागला, तर तो धुऊ-घासू नये. आहे तिथेच, मातीसकट राहू द्यावा आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे.