फाउंटनपेन आणि घरातली पत्रे



आजचा विषय वाचून कोणी म्हणेल, “आज पेनावर व्याख्यान, उद्या दौतीवर होईल!” व्हायला हरकत नाही. ज्या वस्तूने आपल्या वडीलधाऱ्यांनी जन्ममरणाच्या वार्ता कळवल्या, तिची घटकाभर विचारपूस केली तर काही बिघडत नाही.

फाउंटनपेन हे यंत्र साधे, पण मोठे समजूतदार. १८८४ साली न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन याने आपल्या पेनाचे पेटंट घेतले. शाई खाली उतरली की तिच्या जागी तेवढीच हवा वर गेली पाहिजे. नाही तर पेन एक तर अडते, नाही तर ओकते. वॉटरमनने निबाखालच्या पट्टीत बारीक चरे पाडून ही देवघेव बसवली. चांगल्या निबाच्या टोकाला कठीण धातूचा इवलासा मणी असतो. वर्षानुवर्षे लिहिताना तो मालकाच्या हाताच्या कलाने झिजतो. म्हणून जुनी माणसे आपले पेन सहसा दुसऱ्याला देत नसत. सहीपुरते द्यावेच लागले, तर टोपण स्वतःजवळ ठेवून घेत!

पेन ही एके काळी स्वाभिमानाचीही बाब होती. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेन बनवून महात्माजींना पाठवले. महात्माजींनी ते वापरून पाहिले आणि १९३५ च्या जुलैत वर्ध्याहून त्यांना आभाराचे पत्र धाडले. बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, असा त्याचा आशय होता.

आता पत्रांकडे वळू. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला. तो पानिपतच्या आगेमागच्या काळातल्या पत्रांचा. घराघरांतली दप्तरे कोणी जपली होती, म्हणूनच तो इतिहास आपल्या हाती लागला. पण ती पत्रे बहुधा दरबाराची, सरदारांची, आणि पुष्कळदा कारकुनाच्या हातची. सामान्य घरातल्या बाईला काय वाटले, हे त्यांत क्वचितच सापडते.

ही उणीव पुढे भरून निघाली. १८७९ साली एका पैशाचे पोस्टकार्ड आले, हळूहळू शाळा गावोगाव पोचल्या आणि खिशात पेन आले. मग मास्तर, गिरणीतला कामगार, सासरी गेलेली मुलगी, अशी माणसे स्वतःच्या हाताने लिहू लागली. त्या अक्षरात मजकुराखेरीज आणखी काही उतरते. घाई झाली की रेघ बारीक होते, मन जड झाले की दाब वाढतो, शब्द खोडला तर खोडलेलाही दिसतो. ‘आम्ही सुखरूप आहोत’ हे वाक्य कापऱ्या हाताने लिहिलेले असेल, तर आईला खरे काय ते कळत असे. आजचा मोबाइल निरोप क्षणात पोचवतो, हा त्याचा मोठा गुण. पण त्यात सर्वांचे अक्षर एकच असते.

सामान्य माणसाचे हे दप्तर आज माळ्यावरून थेट रद्दीत जात आहे. घर लहान, पत्रे जुनी, वाचायला सवड नाही, हे सारे मला मान्य आहे. सगळे ठेवा असे मी म्हणत नाही. निवडक तरी ठेवा. हिराकस आणि मायफळाची जुनी शाई हवा लागून काळी पडते नि कागदाला धरून बसते. पण साधी निळी शाई उन्हाने विटते आणि एका थेंबाने पसरते. तेव्हा पत्रे उजेडापासून, ओलीपासून दूर ठेवा. त्यांवर प्लॅस्टिक चिकटवू नका. आणि घरात जाणते माणूस आहे तोवर त्याला शेजारी बसवून ‘कोणाचे, कोणाला, केव्हाचे’ एवढे पाठीमागे पेन्सिलीने हलकेच लिहून ठेवा. नाव नसलेले पत्र नातवाला परकेच.

राजवाड्यांना दप्तरे सापडली, कारण कोणी तरी ती फेकली नव्हती. आपल्यामागून कोणी शोधायला येईल की नाही, हे आपल्या हाती नाही. त्याला काही सापडावे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.