औषध संपलं, आता मूल कधी?



डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांत ६५० बायकांची पाहणी केली. १९८९ साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोग होता. आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम आठ. आमच्या नाशकात, सातपूर-अंबडच्या वस्त्यांत, बायका अजूनही 'अंगावरून जातं' एवढंच सांगतात, तेही उठता उठता. औषध संपत नाही तोच सासू विचारते, आता पाळणा कधी?

ओटीपोटाच्या सुजेवर गोळ्या साधारण चौदा दिवस असतात. बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. संसर्ग संबंधातून आलेला असेल तर नवऱ्यालाही औषध हवं, आणि दोघांचे उपचार पुरे होऊन त्रास थांबेपर्यंत संबंध नकोत. नवरे म्हणतात, 'मला काय झालंय?' (मागे बसलेल्या भाऊंनीही ऐकावं.) पुरुषाला पुष्कळदा काहीच जाणवत नाही, जंतू मात्र असतात. बाईला पुन्हा लागण होते आणि दोष तिच्याच पदरी.

पुढे बऱ्याच जणींना सहज दिवस जातात. पण सुजेने गर्भनलिका चिकटलेल्या असू शकतात. पाळी चुकली आणि एका बाजूला दुखलं, चक्कर आली, तर ताबडतोब दवाखाना गाठा. गर्भ नलिकेतच वाढत असेल तर जीव जाऊ शकतो.

सहा महिने-वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर तपासणी दोघांची. वीर्यतपासणी आधी, ती सोपी असते. तिच्या पोटात दुर्बीण घालायचं नंतर बघू.